दादाची हरकत

त्या रविवारी देवळात माझ्या मोठ्या भावाच्या लग्नाची दुसरी पुकार झाली. आम्ही मलकापूरचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणायचो. लग्न ठरलं की ओळीने तीन रविवार पाळक उपासनेच्या शेवटी नवरा-नवरीची नावं वाचून दाखवत आणि विचारत, की या विवाहाला कोणाची हरकत असेल तर त्याने आता सांगावी. कोणीच काही बोलत नसे. मग बायकांच्या बाजूला बांगड्या वाजत आणि कोणीतरी नवऱ्या मुलाच्या आईला कोपराने ढोसत असे. त्या दिवशीही तसंच झालं. दादा नेहमीसारखा बाजाच्या पेटीवर बसला होता. शेवटचं गायन संपलं, लोक थांबले, पण पेटी थांबली नाही. सबंध एक कडवं त्याने एकट्यानेच वाजवलं. आईला वाटलं, पोरगा लाजला.

घरी आल्यावर आम्ही जेवायला बसलो. रविवारचं मटण होतं. बाबांनी अन्नावर प्रार्थना केली, आम्ही आमेन म्हटलं आणि मी भाकरी मोडली. दादाने ताटाला हात लावला नव्हता.

"बाबा, माझी हरकत आहे," तो म्हणाला.

"कशाले?"

"लग्नाले."

"कोणाच्या?" आईने हसून विचारलं.

"माझ्याच."

महाराष्ट्र होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. बाबा मिशनच्या शाळेचे हेडमास्तर होते आणि देवळाच्या मंडळीच्या पंचांपैकी एक. दादा स्टेशनवर पार्सल ऑफिसात कारकून होता, सत्तावीस वर्षांचा. मी अठरा वर्षांची, मॅट्रिक होऊन घरी बसलेली. दादाला ज्या मुलीशी ठरवलं होतं ती खामगावला शिक्षिका होती. बोलायला मोकळी, दिसायला छान, आणि गळा इतका गोड की तिला पाहायला गेलो तेव्हा तिने दादाच्या पेटीवर म्हटलेलं गायन आई महिनाभर गुणगुणत होती.

"पोरगी पसंत नाही काय तुले?" आई म्हणाली. "मंग पाहायले गेलो तवाच सांगायचं होतं."

"पोरगी लय चांगली आहे, आई. तिच्यात काहीच खोट नाही. मलेच कोणती पोरगी नको. आतूनच नको." तो ताटाकडे बघून बोलत होता. "शाळेत बाकीचे पोट्टे पोरींकडे पाहायचे, तवा मी त्या पोट्ट्यांकडे पाहायचो. मले वाटलं, मोठा झालो की जाईन हे. नाही गेलं. लग्न केल्यानं जाईन म्हणून हो म्हणलं होतं. आज पुकार ऐकली अन् कळलं, की नाही जात. त्या पोरीचं आयुष्य मी काऊन नासवू?"

आता या गोष्टीला शब्द आहेत. माझी नात तो शब्द भाजी आणायला जाते म्हणावं इतक्या सहज उच्चारते. तेव्हा आमच्या घरात त्यासाठी एकही धड शब्द नव्हता. जे होते त्या शिव्या होत्या, आणि आमच्या घरात शिव्या चालत नव्हत्या. त्यामुळे दादाला सगळं असं लांबून, वळसे घेत सांगावं लागलं. मला अर्धंच कळलं. बाबांना पूर्ण कळलं, हे मला त्यांच्या भाषेवरून समजलं. एरवी घरात ते आमच्यासारखंच वऱ्हाडी बोलत. फार रागावले किंवा फार घाबरले की मात्र ते पुस्तकातलं मराठी बोलू लागत.

"हे तुला कोणी शिकवले?" त्यांनी विचारलं.

"कोणीच नाही."

बाबा अर्ध्या जेवणावरून उठले, हात धुतला आणि फळीवरचं पवित्र शास्त्र काढलं. पानं उलटता उलटता सुरुवातीच्या भागात त्यांचं बोट थांबलं. ते वाचायला तोंड उघडणार, तोच दादा म्हणाला, "बाबा, तिथं काय लिहिलं आहे ते मले पाठ आहे. दहा वर्षं झाले, वाचून राह्यलो. गुडघे टेकूनही झालं. उपासही झाले."

बाबांनी पुस्तक मिटलं नाही, पण वाचलंही नाही. तसेच उभे राहिले.

आई एकदम चिडून म्हणाली, "ताटावर बसून कोणी अशी गोष्ट काढते काय?" आणि तिने दादाच्या ताटात नळीचा तुकडा वाढला, जो एरवी बाबांसाठी ठेवलेला असे. "जेव आधी," ती म्हणाली. तो जेवला. ती समोर बसून, पदर तोंडाला लावून, त्याला जेवताना बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी बाबांनी दादाला विचारलं, "त्या मुलीला काय सांगायचे?"

"खरं. मीच सांगतो."

"एकटा जाऊ नकोस. शब्द मी दिला होता."

म्हणून बुधवारी आम्ही तिघं निघालो. मला नेलं ते अशासाठी, की दादा आणि ती मुलगी बोलत असताना जवळ कोणीतरी बाईमाणूस असावं. जलंबला गाडी बदलायची होती. त्या छोट्या फलाटावर खामगावच्या गाडीची वाट बघत आम्ही तासभर बाकावर बसलो. बाबा एका टोकाला, दादा दुसऱ्या टोकाला, मध्ये मी. दादाने चहा आणला. बाबांनी घेतला, पण त्याच्याकडे न बघता. मला दोघांचाही राग येत होता. खरं सांगायचं तर दादाचा जास्त. मोडलेल्या लग्नाच्या घरातली मुलगी कोण करणार, हा विचार माझ्या डोक्यात सारखा घोळत होता, आणि त्या वयात मला दुसऱ्याच्या दुःखापेक्षा तो मोठा वाटत होता.

मुलीला वडील नव्हते. आई होती, ती दारातच ख्रिस्ती रीतीप्रमाणे आनंदाने "सलाम, गुरुजी" म्हणाली आणि पोहे करायला आत जाऊ लागली. बाबांनी तिला थांबवलं. "बाई, हे लग्न होऊ शकत नाही. दोष आमच्याकडे आहे. तुमच्या मुलीकडे काही नाही." त्या माउलीला खाली बसायलाही सुचेना. ती भिंत धरून उभी राहिली.

मुलगी मात्र ओसरीवर आली आणि दादाला म्हणाली, "मला सांगा." मी खांबाशी बसले. दादाने तिला तेच सांगितलं जे ताटावर सांगितलं होतं, फक्त यावेळी त्याने तिच्याकडे बघून सांगितलं. तिच्या बोटांना खडूची पूड होती, ती एकेक बोट पदराला पुसत होती.

"दोन पुकारा झाल्यावर सुचलं तुम्हाला?"

"भेव वाटत होतं."

"कशाचं?"

"सगळ्याचंच. तुमचंही."

मग ती म्हणाली, "माझ्या मावशीचा नवरा असाच होता. त्याने कधी सांगितलं नाही. मावशी वीस वर्षं आरशात बघून विचारायची, की माझ्यात काय कमी आहे. ती गेली तेव्हाही तिला कळलं नव्हतं. आम्हाला नंतर कळलं." ती उठली. "तुम्ही सांगितलं हे चांगलं केलं. पण आज मला तुमचा राग येऊन राह्यला, तो येऊ द्या. आभार मागून मानीन."

दादाने मान हलवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिच्या नाही.

"आणि हे पाहा," ती म्हणाली, "मुलगा मला पसंत नाही, म्हणून मीच नाही म्हटलं असं मी सगळ्यांना सांगणार. तुमची अब्रू वाचवायला नाही. माझी." आणि मग, इतक्या सगळ्यात, ती जरा हसली. "पेटी चांगली वाजवता, एवढं मात्र सांगीन."

तिने शब्द पाळला. तिसऱ्या रविवारी पुकार झाली नाही तेव्हा मंडळीत एवढीच कुजबुज झाली, की खामगावची पोरगी शिष्ट निघाली. एवढ्यावर निभावलं असतं. पण बाबा पंच होते, आणि पाळकांनी त्यांना सरळ विचारलं, की गुरुजी, काय झालं? बाबा "नंतर सांगतो" म्हणून घरी आले.

"पाळकांना सांगावे का?" त्यांनी दादाला विचारलं.

"तुमाले खोटं बोलता येत असन तर नका सांगू," दादा म्हणाला.

बाबांना येत नव्हतं. त्यांनी जाऊन सांगितलं.

आमचे ते पाळक वाईट माणूस नव्हते. वयाने दादापेक्षा थोडेच मोठे. या विषयावर त्यांना सेमिनरीत काही शिकवलं नसावं, आणि जे माहीत नाही तिथे माणूस नियम धरतो. त्यांनी मंडळीत वाच्यता केली नाही. एका संध्याकाळी घरी येऊन, चहाला हात न लावता, त्यांनी सांगितलं, की काही काळ दादाने प्रभुभोजन घेऊ नये आणि पेटीवर बसू नये. "पेटी तुमची मुलगी वाजवू शकेल ना?"

दादानेच मला पेटी शिकवली होती. मी नाही म्हणायला हवं होतं. मी हो म्हटलं. मला त्याला दुखवायचं होतं, हे आज लिहिताना मान्य करते.

पुढच्या रविवारी मी पेटीवर बसले. दादा पुरुषांच्या बाजूला, पहिल्या सतरंजीवर, माझ्यापासून चार हातांवर. पहिलं गायन बरं गेलं. दुसऱ्याची चाल कठीण होती, आणि मध्येच लोक पुढे गेले, मी मागे राहिले. मग मी घाईने पुढे गेले तर म्हातारी माणसं मागे राहिली. अख्खी मंडळी दोन गटांत गाऊ लागली. माझे कान तापले. तेवढ्यात मला मांडीवर थापटल्याचा आवाज आला. दादा माझ्याकडे न बघता, समोर बघत, उजव्या हाताने मांडीवर ठेका धरत होता. मी त्या ठेक्यावर भाता चालवला आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत सगळे एकत्र आले. संपल्यावर मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने भुवई उडवली, लहानपणी मी चुकले की उडवायचा तशी.

मी घरी जाऊन मागच्या दारी भांड्यांच्या ढिगाशी बसून रडले. दादा आला, शेजारी बसला, राख घेऊन तवा घासू लागला.

"इतकं वाईट नव्हतं बे," तो म्हणाला. "दुसऱ्या गायनाले डाव्या हाताची घाई करून राह्यली तू, बस."

महिनाभर मी त्याच्याशी धड बोलले नव्हते. त्या दिवसापासून बोलू लागले. शनिवारी संध्याकाळी तो मला रविवारची गायनं बसवून द्यायचा. म्हणजे पेटीवर मी असले तरी वाजवत तोच होता.

पण प्रभुभोजनाचा प्रश्न होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी येशूच्या आठवणीत सगळे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घेत, ते हे. आमच्याकडे मनुका भिजवून, उकळून तो रस करत, आणि तो करायचं काम आईकडे होतं. त्या रविवारी भाकरीचं ताट पुरुषांच्या बाजूला फिरू लागलं. दादापाशी आलं, दादाने ते शेजारी बसलेल्या बाबांकडे सरकवलं. बाबांनी ताट हातात घेतलं. क्षणभर धरलं. आणि काही न घेता पुढे दिलं. प्याल्यांचंही तसंच.

मला पेटीवरून सगळं दिसत होतं. पाळकांनाही दिसलं. बाबा पंच होते, तीस वर्षांत त्यांनी प्रभुभोजन चुकवलं नव्हतं, तापातही नाही. मग ताट बायकांच्या बाजूला आलं. आईने घेतलं.

घरी चपला काढता काढता बाबा म्हणाले, "तू घेतलंस."

"हाव, घेतलं," आई म्हणाली. "तुमी दोघं बापलेक उपाशी बसले तर मीही बसू काय? मी तिघांच्या वाटचं घेतलं. देवाले मी तसं सांगतलं."

बाबांना हे शास्त्राला धरून वाटलं नसणार. पण त्यांनी चपला नीट लावून ठेवल्या. दादा म्हणाला, "बाबा, तुमी माह्यासाठी सोडू नका." त्यावर बाबांनी वऱ्हाडीत उत्तर दिलं, जवळजवळ दोन महिन्यांनी: "तुह्यासाठी नाही सोडलं. मले एकट्याले गिळलं नसतं."

याच सुमारास आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तरुणपणी विधवा झालेली, आणि तेव्हापासून बायबलबाई, म्हणजे खांद्यावर पिशवी अडकवून गावोगाव बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगत फिरणारी. ती नांदुऱ्याकडच्या खेड्यांत असे आणि दोन-तीन महिन्यांतून आमच्याकडे येई. तिच्यापुढे बाबा हेडमास्तर राहत नसत. तिने आल्या आल्या घरातली हवा ओळखली आणि आईकडून सगळं काढून घेतलं. ऐकून झाल्यावर तिने भिंतीला टेकून डोळे मिटले. प्रार्थना करत होती की विचार, कळलं नाही. आम्हाला वाटलं, आता दादाला उभं-आडवं झापणार.

दादा ड्यूटीवरून आला. आत्याने त्याला समोर बसवलं.

"तो कोन आहे?" तिने विचारलं.

"कोन?"

"मले येडी समजू नको. नुसतं मनातल्या मनात असतं तर तू लग्न करून मोकळा झाला असता, जसे सारे होतात. तू पुकार मोडली म्हणजे कोनीतरी आहे. कोन?"

हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि दाराआड उभी राहिली.

दादाने सांगितलं. वडनेर भोलजीचा एक भाजीवाला शेतकरी होता. वांगी, मिरच्या, टमाटे पिकवायचा, आणि टोपल्या मलकापूरहून रेल्वेने पाठवायचा. त्या पार्सल ऑफिसात दादा वजन करून पावती फाडायचा. ओळख झाली ती तिथे. माणूस हिंदू, माळ्याच्या घरचा. लहानपणी लग्न झालं होतं, बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं, आणि पुढे घरच्यांनी कितीही म्हटलं तरी त्याने दुसरी केली नाही. चार वर्षं झाली होती दोघांच्या ओळखीला.

"त्याच्या घरी माहीत आहे?"

"नाही. अन् सांगणारही नाही तो. त्याचा भाऊ कुऱ्हाड घेऊन धावन."

आत्या दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन निघाली. बाबांनी विचारलं कुठे, तर म्हणाली, वडनेरला दोन बाया वाट पाहून राह्यल्या. ती तिसऱ्या दिवशी परत आली. आम्ही सगळे तिच्याभोवती जमलो, दादा सोडून. तो दाराशी उभा होता, परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तसा.

"त्याच्या मळ्यात गेली होती," आत्या म्हणाली. "पानी प्यायले मागतलं. त्यानं खाट टाकली, चहा करून देला. चहा लय गोड करते. म्हतारी गाय आहे एक, दूध देत नाही, तरी ठेवली आहे. मी म्हणलं, ठेवली काऊन? तर म्हणे, आता कुठं जाईन ते?" तिने पिशवीतून वांगी काढून आईपुढे ठेवली. "चांगला माणूस आहे."

"बाई," बाबा म्हणाले, "चांगला असण्याचा प्रश्न नाही. शास्त्र काय म्हणते?"

"शास्त्र मी तुह्यापेक्षा जास्त गावांत वाचलं," आत्या म्हणाली. "पाप आहे का नाही, मले नाही ठाऊक. देव आहे ना पाहायले. मी एवढं पाह्यलं, की आपला पोरगा त्याच्यापाशी असला तर उपाशी नाही राहणार, अन् रडणार नाही. पोरीसाठी स्थळ पाहताना आपण आणखी काय पाहतो?"

यावर आई म्हणाली, "वांगे कोवळे आहेत." ती तेव्हाही समोरची वांगी निवडत होती.

असं नाही, की त्या दिवसापासून सगळं सोपं झालं. आई पुढे वर्षानुवर्षं रोज प्रार्थनेत मागत राहिली, की माझ्या लेकाला बायको मिळो. आणि प्रार्थना संपली की उठून त्या माणसासाठी लिंबाच्या लोणच्याची बरणी भरायची. या दोन्हीत तिला कधी विरोध दिसला नाही. दादा एकदा हसून म्हणाला, "आई, देवाचा घोटाळा होऊन राह्यला. एक काय ते ठरव." ती म्हणाली, "देवाले कळते."

त्याच वर्षी नाताळाला तो वडनेरचा माणूस आमच्या घरी जेवायला आला. आत्यानेच निरोप पाठवला होता. बाबांना आधी सांगितलं नव्हतं, आयत्या वेळी सांगितलं. उंच, काळासावळा, धुतलेलं धोतर आणि नवी टोपी घातलेला माणूस दारात टोपली घेऊन उभा राहिला, आणि आत पाऊल टाकेना. मला वाटलं, आमच्या घरचं पाणी चालत नसेल. त्या काळात पुष्कळांना चालत नसे. पण तो बाबांची वाट बघत होता. बाबा आले. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"नमस्कार, गुरुजी."

"सलाम," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "या ना. बाहेर काऊन उभे?"

तो आला, दादाच्या शेजारी नाही, समोरच्या रांगेत बसला, आणि आईने वाढलेलं सगळं जेवला. मटण खात नव्हता, म्हणून त्याच्यासाठी त्याच्याच वांग्यांची भाजी केली होती. करंज्या त्याने चार खाल्ल्या. दादा त्या दिवशी इतका आनंदात होता, की दोनदा पाण्याचा तांब्या लवंडला. मागून कळलं, की ख्रिस्त्यांकडे जेवून आला म्हणून त्याच्या वहिनीने त्याला अंगणातच आंघोळ करायला लावली. त्याने मुकाट्याने केली आणि पुढच्या नाताळाला पुन्हा आला.

पाळकांची दीड वर्षाने बदली झाली. जाताना ते बाबांना भेटायला आले आणि म्हणाले, "गुरुजी, मी तुमच्या घराशी बरोबर वागलो की नाही, मला अजून कळत नाही." बाबांनी त्यांचा हात धरला, आणि त्यांना गाडीवर पोचवायला आम्ही सगळे गेलो, दादासुद्धा. त्यांची ट्रंक त्यानेच डब्यात चढवली. नवे पाळक वयस्कर होते. पहिल्याच रविवारी उपासनेनंतर त्यांनी विचारलं, "या मुलीच्या आधी पेटी कोण वाजवत होतं?" कोणीतरी दादाकडे बोट दाखवलं. "मग ते का वाजवत नाहीत?" बाकीच्या पंचांना कारण नीट ठाऊक नव्हतं, आणि बाबा म्हणाले, "तेच मी विचारणार होतो." आयुष्यात बाबा खोटेपणाच्या इतक्या जवळ कधी गेले नसतील. मी उठले, दादा बसला. त्या महिन्यात प्रभुभोजनाचं ताट आलं तेव्हा आधी त्याने घेतलं आणि मग बाबांनी.

माझं लग्नही झालं, अमरावतीला, आणि तिथल्या लोकांनी दादाबद्दल काही विचारलं नाही. खामगावच्या त्या मुलीने पुढे शेगावजवळच्या एका शिक्षकाशी लग्न केलं. तिच्या लग्नात गायनांना पेटी दादाने वाजवली. तिने बोलावलं होतं. आभार मानायचे राहिले होते, असं तिने पत्रात लिहिलं होतं.

बाबांच्या शेवटच्या वर्षांत त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि ऑपरेशन नीट झालं नाही. वाचता येईना. शास्त्र वाचल्याशिवाय त्यांचा दिवस जाईना. दादा ड्यूटीवर, आईला अक्षरं जेमतेम जुळत. बाजाराच्या दिवशी तो वडनेरचा माणूस भाजी विकून झाली की दुपारी आमच्याकडे यायचा. तो मराठी चौथी शिकलेला होता. एके दिवशी बाबांनी त्याला विचारलं, "वाचता येते काय रे तुले?" त्याने हो म्हटल्यावर त्याच्या हातात ते जाडजूड पुस्तक दिलं. त्यानंतर दर बाजाराला तो ओसरीवर बसून बोट ठेवून वाचायचा. राजांच्या इतिहासातली ती लांबलचक नावं त्याला अडायची. बाबा सुधारायचे, तो पुन्हा चुकायचा, आणि दोघं हसायचे. मी माहेरी आले होते तेव्हा पाहिलं. एका नावावर दोघं पाच मिनिटं अडकले होते. शेवटी तो म्हणाला, "गुरुजी, याच्या मायबापानं याले हाक कशी मारली असन?" बाबा इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

त्याच मुक्कामात एका संध्याकाळी आमची घरची प्रार्थना झाली. बाबा प्रत्येकाचं नाव घेऊन आशीर्वाद मागत. आईचं नाव झालं, दादाचं झालं, आणि मग माझं नाव यायच्या आधी त्यांनी त्या माणसाचं नाव घेतलं. आवाज न बदलता, जसं जावयाचं घेत तसं. माझं नाव त्यानंतर आलं, मग माझ्या नवऱ्याचं, मग मुलांचं. मी डोळे उघडून दादाकडे पाहिलं. त्याचे डोळे मिटलेले होते. शेजारी तो माणूस मांडी घालून, हात जोडून बसला होता. त्याला कळलं नसावं की काय झालं, कारण तो पहिल्यांदाच संध्याकाळपर्यंत थांबला होता आणि त्याला वाटलं असेल, यांच्याकडे पाहुण्याचं नाव घेतात.

प्रार्थना संपल्यावर मी आईला स्वयंपाकघरात गाठलं आणि विचारलं, "बाबा हे कधीपासून घेतात?"

"काय?"

"त्याचं नाव."

आई कणीक मळत होती. "झाले असतील दोन-तीन वर्षं," ती म्हणाली. "तू जरा तवा ठेव. तो जेवून जाणार आहे."